पापणीतली गार

पापणीवर पुळी आली की घरोघरी एकच नाव ऐकू येतं : रांजणवाडी! मग सल्लेही येतात. मी सहावीत असताना शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘लसूण चोळ.’ मित्र म्हणाला, ‘फोडून टाक!’ डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, ‘दुखतं का?’

प्रश्न साधा, पण निम्मं निदान त्यातच होतं. रांजणवाडी बहुधा पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी येते. ती जंतूंमुळे होते; लाल होते, ठणकते. माझी गाठ कडेपासून जरा आत होती, वाटाण्याएवढी आणि आता न दुखणारी. तिचं नाव कॅलेझिऑन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी गार! सुरुवातीला मात्र दोन्ही सारख्याच दिसू शकतात, बरं का.

आपल्या पापण्यांत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचं वर्णन केलं. त्यांच्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. पण एखादीचं तोंड बुजलं, की तेल आत साचतं, सूज येते आणि गाठ बनते. गाठ म्हटलं की आईबाबांचं धाबं दणाणतं. पण ही गाठ निरुपद्रवी असते.

थिजलेलं तूप ऊब लागली की पातळ होतं ना? उपाय तोच! स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळायचं आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं ठेवायचं. दिवसातून तीन-चार वेळा. पाणी फार गरम नको. पापणीची कातडी फार नाजूक असते. लसूण तर मुळीच नको, त्याने ती भाजते. पुळी पिळलीत तर जंतू पसरतात. टॉवेलही स्वतःचा वेगळा ठेवा.

रांजणवाडी साधारण आठवड्याभरात ओसरते. कॅलेझिऑनला कित्येक आठवडे लागतात. माझी गाठ दीड महिन्याने विरली. नाहीच विरली, तर डॉक्टर पापणी उलटी करून आतल्या बाजूने छोटा छेद देतात आणि गाठ साफ करतात. बाहेर व्रणही दिसत नाही.

मात्र सगळी पापणी लाल होऊन सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर शेकत बसू नका. आईबाबांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.