खोडदचं घड्याळ, मंचरची डबी

मंचरच्या एका स्नेह्यांनी लॅपटॉप आणि डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) यांच्या मध्ये रीक्लॉकर, म्हणजे डिजिटल प्रवाहाचा ठोका नव्याने लावणारी डबी, बसवला आणि प्रस्तुत लेखकाला ऐकायला बोलावलं. डबी तळहाताएवढी, किंमत बऱ्या स्पीकरच्या जोडीची. माहितीपत्रकात सगळी फेम्टोसेकंदांची भाषा. किशोरीताई आमोणकरांची सीडी लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली होतीच. "तानपुरा सुटा झाला की नाही?" स्नेह्यांनी विचारलं. लेखकाला तो सुटा वाटला. असं विचारल्यावर वाटणारच.

ज्या तक्रारीवर ही डबी विकली जाते, ती मुळात खोटी नाही. सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, म्हणजे दर 22.7 मायक्रोसेकंदांनी एक. त्यांचा पुन्हा आवाज करताना ठोका मागेपुढे झाला की लहर वाकडी होते. हाच जिटर. कागदावरचं गणित कडक आहे: 20 किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर 16 बिटांच्या काटेकोरपणात बसवायचा तर ठोका सुमारे 120 पिकोसेकंदांपलीकडे हलता कामा नये. कान मात्र पुष्कळ उदार निघाला. जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सराव असलेल्या श्रोत्यांनाही संगीतातला जिटर काहीशे नॅनोसेकंदांवर गेल्याशिवाय ओळखता आला नाही. आजचा साधासा डॅकही त्याच्या कितीतरी आत असतो.

स्नेह्यांकडे याला अस्सल जुन्नरी उत्तर तयार होतं. "अहो, खोडदच्या दुर्बिणीला अणुघड्याळ लागतं. मग आम्हालाच का नको?"

प्रश्न बिनतोड वाटतो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जुन्नर तालुक्यातल्या खोडदची ही रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, लोकांसाठी खुली होते, तेव्हा दोघांनी ती पाहिलेली. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मध्यभागी आणि बाकीच्या तीन भुजांवर, जवळपास 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक तबकडीवरची लहर काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येते आणि इतरांशी ताडून पाहिली जाते. 1420 मेगाहर्ट्झला एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ दीड लहरीची चूक. आकाशाचं चित्र फिस्कटलंच. तिथे तीस जणांना एकाच ठोक्यावर चालायचं असतं, म्हणून सगळ्यांना एक घड्याळ.

मंचरच्या दिवाणखान्यात ठोका जुळवायला दुसरं आहे कोण? डॅक असिंक्रोनस यूएसबीचा आहे. तो लॅपटॉपकडून माहिती स्वतःच्या सोयीने मागवतो, साठवतो आणि आपल्या पोटातल्या क्रिस्टलच्या तालावर तिचा आवाज करतो. आधीची डबी कितीही वक्तशीर असो, या तालावर तिचा हुकूम चालत नाही. लॅपटॉपच्या वीजपुरवठ्यातून घरघर येत असेल तर अशी एखादी डबी ती अडवूही शकते, पण तो विजेचा उपचार झाला, वेळेचा नाही. जुन्या पद्धतीच्या एस/पीडीआयएफ जोडणीत डॅक येणाऱ्या प्रवाहातूनच ठोका उचलतो, तिथे निदान वादाला जागा आहे.

मग खरं काय ते पडताळायला स्नेह्यांच्या मुलीला रॅकच्या मागे बसवलं. डबी कधी जोडायची, कधी काढायची हे तिच्या मर्जीवर. तीच टिपून ठेवणार. बाबांना ती दिसू नये म्हणून मध्ये चादर. स्नेह्यांचे अंदाज जेवढे बरोबर आले, जवळपास तेवढेच चुकले, आणि पुणे-नाशिक रस्त्यावरून ट्रक गेला की तानपुरा दोन्ही वेळा सारखाच बुडाला. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर मात्र घुमणारा खर्ज आवरला. तो फरक चहा घेऊन आलेल्या वहिनींनाही न विचारता जाणवला.

वेळेची खरी अडचण होती स्नेह्यांच्या भाच्याकडे. तो जत्रांतून तमाशाचं चित्रण करतो, नारायणगावच्या तमाशा फडांच्या राहुट्यांत त्याच्या ओळखी आहेत. कॅमेऱ्याचं क्रिस्टल आणि आवाजाच्या रेकॉर्डरचं क्रिस्टल यांच्यात दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत पडते. ढोलकीवर थाप दिसते आधी, ऐकू येते नंतर. महागड्या यंत्रांना एका घड्याळाची तार जोडता येते. त्याच्या छोट्या रेकॉर्डरला ती सोय नाही, म्हणून तो वग सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो, संपल्यावर दुसरी, आणि घरी बसून दोन्ही टाळ्या जुळेपर्यंत आवाज ताणतो.