पेटीचे घड्याळ

रविवारी दुपारी जेवणे उरकली की आमच्या खोलीचा कारखाना होतो. खोली दहा बाय बाराची. गादी गुंडाळून ठेवायची, खाली जुनी चादर अंथरायची आणि दारातल्या स्टुलावर फळी क्लॅम्पने आवळायची. आठवडाभर कचेरीत व्हाउचरे लिहिणारे हात रंधा धरतात, तेव्हा शेजारी विचारतात, "काय साहेब, नोकरी सोडली का?"

आम्ही फळीवर ठेवायची शोभेची लाकडी घड्याळे करतो. विलायतेत ती शेकोटीवरच्या फळीवर ठेवीत. आपल्याकडे शेकोटी कुठली! ती टीव्हीशेजारी नाहीतर फ्रिजवर बसतात. अमेरिकेतल्या एलाय टेरी या कारागिराने १८१६ साली अशा घड्याळाचे पेटंट घेतले, त्याच्या यंत्रातली दातेरी चाकेसुद्धा लाकडाची होती. आम्ही काही एवढे हुशार नाही. क्वार्ट्झचे तयार मशीन बाजारातून आणतो, ते एका पेन्सिल सेलवर चालते. आम्ही करतो ते त्याचे घर.

आजवर लग्नात, बारशाला अशी बरीच दिली. पण एक घड्याळ करताना हात कापत होते, त्याची ही हकीकत.

आमचे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग ते एका सुताराच्या हाताखाली राहिले. तिथे जुन्या पाडलेल्या इमारतीचे बर्मा सागवान स्वस्तात मिळाले, त्याची त्यांनी एक पेटी केली. रेशनकार्ड, गिरणीचा पास, आमच्या शाळेचे दाखले, सारे तिच्यात. २०१९ साली वडील गेले. पुढे तळाचे प्लायवुड वाळवीने खाल्ले, फळ्या मात्र खणखणीत. आम्ही म्हटले, याचे घड्याळ करू. आई म्हणाली, "ह्यांच्या पेटीला करवत लावलीस तर बघ." चार महिने तो विषय निघाला नाही. मग एके रविवारी तिनेच पेटी रिकामी केली, कागद पदरात घेतले आणि म्हणाली, "काप. पण वाया घालवू नको."

ते शब्द डोक्यात घेऊन आम्ही आधी पुठ्ठ्याची कमान कापली, मग खोक्याच्या हलक्या लाकडाची, आणि नंतरच सागवानाला हात लावला. तरी चूक झालीच. दांडा बाहेर यावा म्हणून पाडायचे आठ मिलिमीटरचे भोक आम्ही मागून पाडले. पुढे टाकाऊ फळीचा आधार द्यायला विसरलो. ड्रिल बाहेर पडताना दर्शनी बाजूचा कपचा उडाला. सौ. धावत आली, आम्ही नुसते बसून राहिलो. शेवटी तो कपचा काडीवर फेविकॉल घेऊन जागेवर बसवला आणि रात्रभर आवळून ठेवला. सकाळी पाहिले तर फळी जाड, दांडा पुढे येईना. मग मागून पटाशीने चौकोनी खळगा कोरत कोरत फळी चार मिलिमीटरवर आणली. एक ठोका जास्त पडला असता तर पेटीही गेली असती आणि घड्याळही.

पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच मारावा, आडवा मारला की ओरखडे लाखेखाली आणखी उठून दिसतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पाच हात दिले. सागवान मधासारखे उजळले. आकड्यांऐवजी आम्ही चार पितळी ठिपके बसवले, दुकानातल्या महागड्या घड्याळांसारखे.

आईने हातात घेऊन पाहिले. "किती वाजले ते कुठं लिहिलंय?"

आमच्या ध्यानात आले. आईला अक्षरओळख नाही. संपाआधी ती भोंग्यावर डबा करायची. भोंगा थांबला तेव्हा वडिलांनी तिला पाटीवर एक ते बारा आकडे शिकवले, तेवढेच तिला वाचता येतात. आणि आम्ही तेवढेच काढून टाकले होते! बी.कॉम. होऊन काय उपयोग?

ठिपके उपटले, भोके लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून बुजवली आणि बारा मराठी आकडे जाड ब्रशने रंगवले. नऊ जरा वाकडा आला आहे.

घड्याळ आता आईच्या उशाशी असते. ते पाच मिनिटे पुढे आहे. आम्ही दोनदा बरोबर लावले, तिने दोन्ही वेळा मागचा खटका फिरवून पुन्हा पुढे केले. पहिली पाळी चुकू नये म्हणून वडील तसेच लावत असत म्हणे.