सतरंजीवरच्या वह्या

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही दिवस भोपाळला भाचीच्या घरी मुक्कामास होतो. तिचे बिऱ्हाड तात्या टोपे नगरात, जवाहर चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. येवल्यास जन्मलेल्या त्या सेनानीचे नाव इतक्या दूरच्या वस्तीला लाभलेले पाहून मराठी मनुष्यास जरा बरे वाटते, असो. भाची प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एका शनिवारी दुपारी आसपासच्या शाळांतील तीन शिक्षिका तिच्याकडे आल्या. आम्हांस वाटले, चहा होईल, गप्पा होतील. परंतु पिशव्यांतून निघाल्या त्या तिसरीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या, आणि त्या सतरंजीवर मांडल्या गेल्या.

“मामा, तुम्हीही बसा ना. तुमचा सारा जन्म वर्गातच गेला,” भाची म्हणाली.

वह्यांत ५२ मधून २७ वजा करावयाचे होते. चारही शाळांतील कित्येक मुलांनी उत्तर लिहिले होते ३५. प्रत्येक बाई एकटी असती तर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारून तिने वही मिटली असती. येथे मात्र तीच चूक चार ठिकाणांहून येऊन शेजारी बसली होती. मुलांनी एककाच्या घरात २ मधून ७ न काढता ७ मधून २ काढले होते. असे का, यावर बराच खल झाला. शेवटी त्यांतील वडीलधाऱ्या बाई हिंदीत हळूच म्हणाल्या, “पहिलीत आपणच तर सांगतो, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे.” काही क्षण कोणी बोलले नाही. मुलांनी आज्ञाभंग केला नव्हता. आज्ञा पाळली होती.

मग निघाली ४३ ऐवजी ३४ लिहिण्याची गोष्ट. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी उच्चारायचे आणि लिहिताना चार आधी! हिंदीतील ‘तैंतालीस’ही तसेच. जर्मन भाषेत हीच उलटी रीत आहे. जपानी बालक मात्र ‘चार-दहा-तीन’ असे बोलते आणि तसेच लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ ही रीत आली, तेव्हा केवढे काहूर उठले! वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची व या उलटेपणाची अडचण समजावून सांगितली. त्या वेळी हसणाऱ्यांत, वाचकहो, आम्हीही होतो.

सतरंजीवर बसल्या बसल्या आम्हांस आमच्या वर्गातील एक मुलगा आठवला. तो नेहमी असेच उलटे आकडे लिही. आम्ही त्याला ‘उलटा’ म्हणत असू, आणि वर्गही म्हणू लागला. छडीही दिली. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. शेजारच्या वर्गातील गुरुजींना आम्ही एकदाही विचारले नाही, की तुमच्याकडे असे कोणी लिहिते का? आमच्या वर्गाचे दार आम्ही लावूनच घेत असू. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी शेकडा ३१ च्या आसपासच मुलांना भागाकार आला. अशा आकड्यांचा दोष आम्ही आजवर आईबापांवर टाकीत आलो.

एकत्र बसण्याची ही रीत मध्य प्रदेशाला नवी नव्हे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, त्याचा कणा शिक्षकांची मासिक गोष्ठी हाच होता. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो चालविला आणि प्राथमिक शाळांसाठीही काम आरंभले. विज्ञानाचा तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. आपल्याकडे केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतात खऱ्या. परंतु परिपत्रके आणि तक्ते यांतच दिवस मावळतो, वह्या कोणी उघडीत नाही.

त्या दुपारी चौघींनी मिळून एकच पाठ बांधला. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करावयाच्या. २ सुट्या काड्यांतून ७ देता येत नाहीत, म्हणून मुलानेच एक जुडी सोडावयाची. एकीने शिकवावे, उरलेल्यांनी मागे बसून मुलांकडे पाहावे, बाईंकडे नव्हे. जपानातील शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या असेच करीत आले आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा वह्या आल्या. ३५ अजून होतेच, पण कमी होते. जुडी सोडून झाल्यावर काही मुले दशकातील एक कमी करावयास विसरत होती. पाठ पुन्हा बांधावा लागला.

गावी परतल्यावर आम्ही बाजारात त्या जुन्या विद्यार्थ्याच्या भाजीच्या गाळ्यावर गेलो. वांगी, मेथी, मिरच्या घेतल्या. त्याने तोंडानेच झटकन हिशेब केला. “त्रेचाळीस झाले, गुरुजी,” तो म्हणाला. आम्ही पैसे मोजून दिले. जे बोलावयास गेलो होतो ते त्या दिवशी बोलता आले नाही.