सुताची चाल

नागपुरात मे महिन्यात सूत कातायचे असेल तर पहाटे उठावे लागते. नऊ वाजले, ऊन अंगणभर झाले, की कापूस कोरडा पडतो. बोटांतल्या पेळूचे, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीचे, तंतू फुलारतात, एकमेकांना धरून राहत नाहीत आणि धागा वरचेवर तुटतो. हात तोच, चरखा तोच, कापूस तोच; हवेतला ओलावा तेवढा गेलेला असतो. मी बरीच वर्षे महाल भागातल्या घरी पेटी चरख्यावर कातते, काही जणींना शिकवतेही. सावकाश जगण्याविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. त्यातले मला जे उमगले, ते या कोरड्या हवेशी जुळवून घेताना उमगले.

याच हवेला या शहराने एकदा वेगळे उत्तर दिले होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस इकडे पिकतो, तर गिरणीही इकडेच हवी, हा त्यांचा हिशेब. हवा कोरडी होती, म्हणून त्यांनी गिरणीत ओलावा पुरवणारी यंत्रे बसवली. झपाट्याने सूत काढणाऱ्या रिंग चात्या हिंदुस्थानात सुरुवातीला जिथे आजमावल्या गेल्या, त्यांत ही गिरणी होती. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या भोंग्यावर या शहरातली घरे जागी झाली. २००२ मध्ये ती बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. त्या गिरणीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण गिरणी हवा बदलू शकली. घरात कातणारीला हवा बदलता येत नाही, म्हणून ती आपली वेळ बदलते. उन्हाळ्यात पहाट, हिवाळ्यात ऊन जरा चढल्यावर, पावसाळ्यात पेळू कोरड्या डब्यात जपून ठेवून मग कताई.

नव्याने शिकणारीला सगळ्यात कठीण जातो तो डावा हात. उजव्या हाताने चाक फिरवणे दोन दिवसांत जमते. डाव्या चिमटीत पेळू मात्र इतका सैल धरायचा असतो की तंतू सुटावेत, पण निसटू नयेत. चातीकडून, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या सळईकडून, पीळ धाग्यात चढत येतो आणि त्याच वेळी हात मागे जात असतो. हात घाईने मागे गेला तर पीळ पोचण्याआधीच धागा बारीक होऊन तुटतो. रेंगाळला तर पीळ अति होतो, धागा स्वतःभोवतीच वळतो, त्याला आढी पडते. हात पुरता लांब गेला की चाकाला आणखी चार फेरे देऊन पीळ पक्का करायचा, मग हात वळवून सूत चातीवर गुंडाळायचे. बरोबर चाल या दोन चुकांच्या मधोमध असते आणि प्रत्येक कापसाला ती वेगळी लागते. आखूड धाग्याच्या देशी कापसाला पीळ जास्त हवा, हात बेताने मागे न्यावा लागतो. लांब धाग्याचा कापूस हात मोकळा सोडू देतो. म्हणून 'हळू काता' असे मी कुणाला सांगत नाही. सांगते ते एवढेच, की चिमटीत लक्ष ठेवा. पीळ कुठवर आला ते बोटांना कळते.

घाईत सूत बिघडते तसे रेंगाळल्यानेही बिघडते. घरकामाचे, नोकरीचे, माणसांशी बोलण्याचेही असेच आहे, हे मला कातताना पटले. आजारी माणसाजवळ बसायला एक चाल लागते, स्टेशनवर गाडी गाठायला दुसरी. आपल्या हातात काय आहे, हे पाहून चाल ठरवावी. एरवी ती फोन ठरवतो, शेजारी ठरवतो, कालची राहिलेली कामे ठरवतात. म्हणून कातताना फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवते. डाव्या हाताचे लक्ष गेले की धागा तुटतो. तिथे सबब चालत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चरख्याला सावकाशीचे प्रतीक मानणाऱ्यांना ठाऊक नसते, की ज्यांनी तो घरोघरी नेला, त्यांना तो वेगवान हवा होता. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्याच्या घडणीत लक्ष घातले, त्या पेटी चरख्याला दुसरे चाक आहे ते चातीचे फेरे वाढावेत म्हणूनच. इथून जवळ, वर्ध्याच्या नालवाडीत विनोबांनी कताईच्या मजुरीवरच जगून पाहण्याचा प्रयोग केला. पोट सुतावर असेल तर प्रत्येक तासाचा हिशेब होतो, हे त्यांनी स्वतःवर आजमावले. माझे पोट सुतावर नाही, म्हणून मला चाल निवडता येते. ही सवड सगळ्यांना मिळत नाही.

एकदा शिकायला आलेल्या एका मुलीने विचारले, "काकू, दुकानात सूत मिळते ना जी, मग काऊन एवढी मेहनत?" मी तिला हिशेब मांडून दाखवला. चार फुटांचा एक तार, असे ६४० तार म्हणजे एक गुंडी. सरावाच्या हातालाही एका गुंडीला दोन-अडीच तास लागतात. इंचाला उभे-आडवे चाळीस-चाळीस धागे असलेली खादी घेतली तर, विणताना आखडणारे आणि वाया जाणारे सूत धरून, एका चौरस वाराला साधारण चार गुंड्या. म्हणजे तीन चौरस वारांच्या कुडत्यात बारा गुंड्या, नुसत्या कताईचे पंचवीस-तीस तास. पिंजणे, पेळू करणे, विणणे, धुणे, शिवणे वेगळेच. तिने अंगावरच्या ओढणीचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि विचारले, "मग हे एवढे स्वस्त कसे?"

तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एका कुडत्यात किती तास गेले हे हाताला कळल्यापासून माझे कपाट लहान झाले. वर्षात थोडे कपडे घेते, ते फाटेपर्यंत वापरते, रफू करते. आणि हातमागाच्या दुकानात घासाघीस करत नाही. सावकाश केलेल्या कामाचा आनंद मी घरी बसून घ्यायचा आणि कातणाऱ्या-विणणाऱ्या बाईच्या तासांची किंमत मात्र पाडून मागायची, हे मला मान्य नाही. सावकाशीवर खरोखर श्रद्धा असेल, तर दुसऱ्याने लावलेल्या वेळेचे दाम पूर्ण मोजले पाहिजेत. माझ्या हिशेबी सावकाश जगण्याची सुरुवात तिथूनच होते.