चिरंजीवांचा मॉनिटर

"मला पानिपतला नोकरी मिळाली," असं ह्यांनी घरात सांगितलं, तेव्हा सासूबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अरे, दुसरं एखादं गाव नाही का सापडलं?" मराठी माणसाला त्या नावाचा धसका आजही आहे. पण गावाचं नाव बघून का पोट भरतं? ब्लँकेटच्या कारखान्यातली नोकरी चांगली होती. गेल्या जूनमध्ये नाशिकचं बिऱ्हाड आवरून आम्ही तिघं इकडे आलो.

मला शेजारणी मिळाल्या, ह्यांना काम होतं. पंचाईत झाली ती आमच्या चिरंजीवांची. अकरावीचं वर्ष, नवं कॉलेज, सगळीकडे हिंदी आणि हरियाणवी. हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. रात्री नऊ वाजले की खोलीचं दार बंद, कानाला हेडफोन आणि समोर कॉम्प्युटरवरचा खेळ. जेवायला दहा हाका माराव्या लागत. एका रात्री माझा संयम सुटला. आत गेले आणि सरळ वायरच उपटली. तो काही बोलला नाही. नुसता काळ्या पडद्याकडे बघत बसला. ती शांतता मला त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागली.

आणि पंधरा दिवसांनी त्यानं मागणी केली, "आई, मला नवा मॉनिटर हवाय. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला. माझ्या साठवलेल्या पैशातले सहा हजार मी देतो."

"आहे तो काय फुटलाय?"

"चित्र फाटतं गं त्यावर."

चित्र फाटतं म्हणजे काय, मला काही कळेना. खेळण्याचं आणखी एक निमित्त, असं म्हणून मी विषय तोडला.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही काला अंब बघायला गेलो. शहरापासून सातआठ किलोमीटरवरच आहे. 14 जानेवारी 1761 रोजी इथं मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई झाली. इथं एक आंब्याचं झाड होतं आणि रक्तानं ते काळं पडलं, म्हणून हे नाव, असं सांगतात. आता झाड नाही. लोखंडी कुंपणात विटांचा एक स्तंभ उभा आहे. धुक्यात तो बघताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

हे मुलाला गोलाची लढाई समजावून सांगत होते. इब्राहिमखान गारद्याचं पायदळ आणि तोफा शिस्तीत, संथ चालीनं पुढं सरकणाऱ्या. बाजूचं घोडदळ मात्र वाऱ्यासारखं धावायला सवकलेलं. विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार आवेशानं पुढं सुटले आणि गोल फुटला. लढाई हरण्याची कारणं पुष्कळ होती, उपासमार होती, पण हेही एक.

चिरंजीव एकदम म्हणाले, "बाबा, हे तर टेअरिंगच झालं की! दोघांच्या चाली जुळल्या नाहीत."

कित्येक महिन्यांनी तो असा आपणहून बोलला होता. मी पटकन विचारलं, "तुझं ते चित्र फाटणं असंच असतं का रे?"

मग परतीच्या वाटेवर त्यानं मला सगळं समजावलं. आपला साधा पडदा सेकंदाला ठरलेल्या 60 वेळा चित्र बदलतो, घड्याळासारखा. पण खेळाची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड कधी सेकंदाला 90 चित्रं देतं, कधी गर्दीचं दृश्य आलं की 50 वर येतं. पडदा अर्धा रंगवून होतो तोवर नवं चित्र येऊन धडकतं. वर जुनं, खाली नवं, मधे फाटल्यासारखी आडवी रेघ. कार्डाला थांबायला लावलं तर खेळ अडखळतो. म्हणून पडद्यालाच थांबायला शिकवलं. चित्र तयार झालं की मगच तो बदलतो. हेच ते अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक.

"पण एवढं अडतं कुठं?" मी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नऊ वाजता नाशिकचे तिघं येतात, आई. आम्ही चौघं एका टीममध्ये खेळतो. त्या दिवशी तू वायर काढलीस ना, तेव्हा मॅच चालू होती. आम्ही हरलो. आता ते चौथा दुसरा बघतायत."

मी गप्प झाले. मी ज्याला व्यसन समजत होते, ती त्याची नाशिकची गल्ली होती. आणि तिचं दार मी एका झटक्यात बंद केलं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दिल्लीला नेहरू प्लेसला गेलो. कॉम्प्युटरच्या या बाजारात एवढी दुकानं की भोवळ यावी! पहिल्याच दुकानदारानं 240 हर्ट्झचा मॉनिटर पुढं केला. मी गृहिणीच्या सवयीनं विचारलं, "आमचं कार्ड 90 च्या वर जात नसेल, तर 240 चे पैसे कशाला?" तो हसला, पण उत्तर देईना.

तिथं फिरताना मी शिकले ते तुम्हालाही सांगते, कारण आज ना उद्या तुमच्याही घरात हा हट्ट येणार आहे. दुकानदार वरचा आकडा सांगतो, तुम्ही खालचा विचारा. पडदा 48 पासून जुळवून घेतो की 60 पासून, यावर सगळं आहे. कार्ड 50 वर आलं, तर 60 वाला उपयोगाचा नाही. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून बराच जास्त असला, तर चित्रं फारच कमी झाली तरी तेच चित्र दोनदा दाखवून पडदा वेळ मारून नेतो. नावांनीही घाबरू नका. 2013 मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळा भाग लागे आणि किंमत चढे. 2014 मध्ये हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या सर्वमान्य नियमांत आली, 2015 मध्ये एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर आले, आणि 2019 पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा साध्या मॉनिटरवर चालू लागली. खास पाटीसाठी जास्त पैसे मोजण्याची आता बहुतेकांना गरज नाही. अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकतो का, तेवढं मात्र दुकानातच बघा.

आम्ही 24 इंची, 48 ते 165 हर्ट्झचा, आयपीएस पडद्याचा मॉनिटर बारा हजारांत घेतला. सहा त्याचे, सहा आमचे.

घरी आणून जोडला, तर चित्र तसंच फाटलेलं! चिरंजीवांचा चेहरा पडला. ह्यांनी माहितीपुस्तिका काढली. त्यानं जुनीच केबल लावली होती. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल तशीच पडून होती. शिवाय ही सोय मॉनिटरच्या मेनूत आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागते. ते केलं आणि रेघ गेली.

नव्या पडद्यानं तो काही रातोरात जिंकू लागला नाही. पण नाशिकच्या पोरांनी त्याला टीममध्ये ठेवलं. आमचंही ठरलं. रोज नऊ ते साडेदहा, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवार. आणि जेवण साडेआठला, सगळ्यांनी मिळून.

संक्रांतीच्या दिवशी जेवणाला उशीर झाला. साडेनऊ वाजले तरी ताटं वाढायची होती. मी तिळगूळ घेऊन त्याच्या खोलीत गेले. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यानं हेडफोन काढला, तसा पलीकडून आवाज आला, "काकू, आम्हालाही तिळगूळ!" ओळखीचा, आमच्या गल्लीतला.

पूर्वीसारखं "आधी ऊठ" असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "हा डाव संपू दे, मग ये जेवायला."

दहा मिनिटांत तो आपणहून पानावर येऊन बसला.