घर ओढणारी गाडी: धामणकर नाक्यावरची टिपणे

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर कंटेनर वळताना नीट पाहावा. पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, आधी उलट बाजूला जातो, शेजारची अर्धी लेन खातो आणि मग वळतो. मागचा ट्रेलर घोड्याच्या चाकोरीतून येत नाही, तो आतून कापत येतो. म्हणून क्लीनर उतरून रिक्षा मागे सारतो. कारमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडली की हाच हिशेब लहान आकारात आपल्याला लागू होतो.

*

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. ओढून न्यायच्या एका आसाच्या, दोन आसांच्या कॅराव्हॅनही त्यात धरल्या आहेत. पण कोणती गाडी किती ओढेल, यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. सीसी आणि हॉर्सपॉवरवर मात्र तासभर चर्चा होते.

*

माझ्या मते पहिला आकडा वजनाचा. नवख्या माणसाने भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, असा ब्रिटनमधला जुना सल्ला आहे. तो कायदा नाही, पण कारण पक्कं आहे. उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलतं. पुढची गाडी हलकी असेल तर मागचं शेपूट डोलायला लागतं आणि पुढच्या गाडीलाही हलवतं. अशा वेळी ब्रेकवर जोरात पाय देऊ नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावं, वेग आपोआप उतरू द्यावा.

भरलेली कॅराव्हॅन 1,200 किलोची असेल तर रिकामी गाडी निदान 1,412 किलोची हवी. विकणारा सांगतो ते बहुतेक वेळा रिकामं वजन. त्यात गाद्या, सिलिंडर, भांडी आणि पाणी धरा. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच वाढले. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात वजनकाट्यांची कमी नाही. सगळं भरून कॅराव्हॅन एकदा काट्यावर न्यावी, पावती जपून ठेवावी.

*

कॅराव्हॅन अडकवायच्या, गाडीमागच्या हुकावर पडणारं वजन बहुतेक जण विसरतात. कॅराव्हॅनच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार हुकावर यावा. 1,200 किलोला 60 ते 84 किलो, म्हणजे डिकीच्याही मागे एक मोठा माणूस बसवल्यासारखं. हा भार गाडीच्याच भारक्षमतेतून वजा होतो. घरातली सहा माणसं, त्यांच्या बॅगा आणि वर हा भार, एवढं गाडीला झेपतं का ते आधी मांडून पाहावं. भार फार कमी पडला तर कॅराव्हॅन डोलते. फार झाला तर गाडीचं नाक उचलतं आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. कॅराव्हॅनमधलं सामान तिच्या आसाच्या आसपास, खाली ठेवावं.

*

इथून नाशिककडे निघालं की कसारा, जुन्नरकडे निघालं की माळशेज. ऊन असो वा पाऊस, घाटात चढाइतकीच उताराची परीक्षा असते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातलंच. या टप्प्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणं टळतात. कॅराव्हॅन जोडलेल्याने हीच वाट धरावी आणि डावी लेन सोडू नये.

*

आता गाडी. कमी आरपीएमला टॉर्क देणारं डिझेल इंजिन आणि शिडीसारखी वेगळी चासी असलेली गाडी मी निवडेन. स्कॉर्पिओ-एन, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर या त्या घरातल्या. क्रेटासारख्या मोनोकॉक गाड्या रोजच्या वापराला उत्तम, पण जड घर मागे लावायला मी त्या घेणार नाही. गिअर ऑटोमॅटिक हवा असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा. चढावर थांबून पुन्हा निघताना आणि रिव्हर्समध्ये इंचाइंचाने सरकताना क्लच जळायची भीती त्यात नाही. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेत. आरसे कॅराव्हॅनच्या रुंदीपलीकडचं दिसेल एवढे बाहेर यायला हवेत.

*

मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही लावावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावं. हूक बसवल्याचं लपवलं आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी वाद अटळ आहे.

परवान्याचं म्हणाल तर, ब्रिटनमध्ये 1997 पासून साधा कार परवाना मिळालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली आणि 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. तिकडच्या मराठी घरांनी परवाना मिळाला म्हणून खूश व्हावं, पण रिकाम्या मैदानात मागे घ्यायचा सराव मात्र करावाच. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ते हाताला शिकवल्याशिवाय येत नाही.

*

एक विनंती. बुकिंगचे पैसे भरण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढक्षमतेचा आकडा शोधा. नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. तोंडी ‘आरामात ओढेल साहेब’ चालणार नाही. आकडा मिळाला नाही, तर त्या गाडीला हूक लावू नका. कुटुंबाला घेऊन फिरायचंच असेल तर स्वतःच्या इंजिनाची कॅराव्हॅन भाड्याने घ्या.