घरात कुणीतरी आहे

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा २०२२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला गेले. आमचे जावई मिरजेच्या एका दवाखान्यात 'ब्रदर' होते. इथे ज्याला ब्रदर म्हणतात त्या पुरुषालाही तिकडे 'नर्स'च म्हणतात, याचं आमच्या मोहल्ल्याला फार आश्चर्य. परीक्षा पास झाले, लेस्टरच्या सरकारी रुग्णालयात जागा मिळाली. अब्बांनी पेढे वाटले. अम्मीने दोघांच्या दंडावर इमाम जामिन बांधला.

लेस्टरमध्ये १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले आशियाई मोठ्या संख्येने स्थायिक झाले. गुजराती मुसलमानही पुष्कळ. त्यामुळे मशीद, हलाल मटण, मेथीची जुडी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. घर मात्र मिळालं ते शंभरहून अधिक वर्षं जुनं. लाल विटांची घरं एका ओळीत चिकटून उभी, आपल्या चाळी जशा. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये एकावेळी एकच माणूस जाईल असा लाकडी जिना. पुढच्या खोलीत पूर्वी कोळसा जाळायची जागा होती, तिथे नंतर कुणीतरी गॅसची शेगडी बसवलेली. भाडं त्यांच्या आवाक्यातलं होतं.

बहिणीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. जावयांची ड्युटी बारा-साडेबारा तासांची, त्यात आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या. डिसेंबरात तिथे चारच्या आत मगरिब होते. एवढी लांब रात्र, अनोळखी घर, आणि आत एकटी बाई. ऑक्टोबरपासूनच तिचे फोन सुरू झाले. "आपा, जिन्यावर कुणीतरी चढतंय असं वाटतं." पुढच्या खोलीत भिंतीला खालच्या बाजूला एक लोखंडी जाळी होती. वारा सुटला की तिथून कुणी उसासे टाकावेत तसा आवाज यायचा.

भुताखेतांचं आपल्याला नवल नाही. मराठी मुलखात 'खवीस' म्हणून जे भूत सांगतात ते मुसलमानाचं भूत मानलं जातं. मोल्सवर्थच्या कोशातही तसंच दिलं आहे. शब्दही अरबी 'खबीस'वरून आलेला. जिवंतपणी मोहल्ला वेगळा आणि मेल्यावर भूतही वेगळं, असा हा हिशेब! ते असो. जिन्नांबद्दल तर कुरआनात एक सूराच आहे, तेव्हा त्यांच्या असण्याबद्दल मला वाद घालायचा नाही. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे 'असर' होतो तो बहुतेक वेळा बायकांवरच. पुरुषाचं डोकं दुखलं तर त्याला टेन्शन असतं. बाईचं दुखलं की तिने केस मोकळे सोडून चिंचेखालून कधी गेली होतीस, याची चौकशी सुरू होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस जावयांनी त्या जाळीत जुने कपडे कोंबले आणि वरून चिकटपट्टी लावली. त्या हिवाळ्यात तिकडे गॅसचे आणि विजेचे दर भडकले होते. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लोक फटी बुजवत होते, त्यांनीही बुजवल्या. उसासे बंद झाले. अम्मीला वाटलं, फोनवरून केलेला दम कामी आला.

आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. डोकं ठणकायचं, मळमळायचं, झोपेत छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. थंडी कडाक्याची, म्हणून ती त्या शेगडीच्याच खोलीत गादी टाकून झोपायची. एका रात्री तिला दाराशी कुणी उभं दिसलं. जावई म्हणाले, पोटुशी बाई आहे, रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, होईल बरं. अम्मी म्हणाली, "उस घर में कुछ तो भी है. पहले घर बदलो." आमच्या नात्यातल्या एकीने एक आमिल गाठला. त्याने मिरजेत बसल्या बसल्या लेस्टरच्या घरातली म्हातारी गोरी बाई पाहिली आणि तिला बाहेर काढायचे अकरा हजार सांगितले. इंग्रज बाईशी तो कुठल्या भाषेत बोलणार होता, हे विचारायचं राहून गेलं.

डिसेंबरच्या एका रविवारी व्हिडिओ कॉल झाला. बहीण सहज बोलून गेली, "शुक्रवारी शेजारच्या गुजराती काकींकडे दिवसभर होते, डोकं अजिबात दुखलं नाही. घरी आले, तासाभरात पुन्हा तेच." मागून जावई म्हणाले, "मलाही ड्युटीवर बरं वाटतं, आपा. घरी आलो की डोकं जड." अम्मी लगेच म्हणाली, "देखा? घर में ही है."

ते अगदी खरं होतं. घरातच होतं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याच भागात एक तरुण बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गेला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी मुलांना कार्बन मोनॉक्साइड समजावून सांगते. हवा अपुरी असली की गॅस नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. पोटातल्या बाळाला धोका आईहूनही जास्त.

या धड्याच्या तयारीत मी अमेरिकेतली एक हकीगत वाचली होती. १९१२ च्या नोव्हेंबरात एक जोडपं मुलाबाळांसह एका मोठ्या जुन्या घरात राहायला गेलं. थोड्याच दिवसांत पावलांचे आवाज येऊ लागले, रात्री कुणी उशाशी आल्याचा भास होऊ लागला, घरातली माणसं निस्तेज झाली. शेवटी तपासणी झाली तेव्हा कळलं की घर गरम करणाऱ्या भट्टीचा धूर धुराड्याऐवजी घरात पसरत होता. विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने ही हकीगत १९२१ साली वैद्यकीय नियतकालिकात छापली.

मी बहिणीला म्हटलं, शेगडी आत्ता बंद कर, खिडक्या उघड, आणि स्वेटर घालून काकींकडे जा. ती म्हणाली, "आपा, बाहेर बर्फ आहे." मी म्हटलं, असू दे. जावई क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला. रुग्णालयात हे त्यांना कुणीही विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण आपलं घर म्हणजे वॉर्ड नसतो, त्यांना मी दोष देत नाही.

तिकडे गॅसच्या तक्रारीसाठी चोवीस तास फुकट फोन असतो. तासाभरात माणूस आला. त्याच्या हातातलं यंत्र दारातच वाजू लागलं. धुराड्यात ढासळलेल्या विटा, काजळी आणि पाखरांचं जुनं घरटं होतं. धूर वर जायला वाट नाही आणि हवा आत यायची जाळी बुजवलेली. त्याने शेगडी तोडून टाकली, तिला चिठ्ठी लावली. घरमालकाने वर्षातून एकदा गॅसची तपासणी करून घ्यायची, असा तिथला नियम १९९८ चा. अशा खोलीत धोक्याची घंटा बसवायची सक्ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू होती. या घरात घंटा नव्हती. विचारल्यावर मालक म्हणाला, मागवली आहे.

रुग्णालयात रक्त तपासलं, तोंडाला ऑक्सिजन लावला. बाळाबद्दल डॉक्टरांनी लगेच काही सांगितलं नाही. पुढचे पाच महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. प्रत्येक तपासणीच्या दिवशी अब्बा जोहरनंतर मशिदीतच बसून राहायचे. मे २०२३ मध्ये मुलगी झाली. वजन थोडं कमी होतं. आता ती धावते, इंग्रजीत भांडते आणि नानीशी दखनीत लाड करून घेते.

अम्मीचं मत अजून बदललेलं नाही. तिच्या मते आयतुल कुर्सीमुळेच मला ते सुचलं. यावर मी काही बोलत नाही.

नव्या घरी जाताना बहीण किल्ली द्यायला गेली, तेव्हा पुढचे भाडेकरू दारात उभे होते. केरळचं तरुण जोडपं, तोही नर्स. त्या मुलीने हळूच विचारलं, "रात्री इथे आवाज येतात का?" बहीण म्हणाली, "येतात. जिन्याचं लाकूड थंडीने आकसतं आणि वाजतं. खालच्या जाळीतून वारा उसासे टाकतो. टाकू दे. ती बुजवू नका."